एका बैठकीत काढलेली म्हातारी

दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला कुणी मराठीत नुसतं "जेवलात का" विचारलं, तरी तो घराची किल्ली हातात देतो. हेरंब आठल्येचं तेच झालं.

मंगळवारी त्याला फोन आला. "सर, मैं 'खेलघर' से बोल रही हूँ." खेलघर म्हणजे नोएडातली एक वेबसाइट. व्हिडिओ गेमच्या बातम्या देते, हिंदीत. रोज पाच-सहा लाख पोरं वाचतात म्हणे. पोरीनं नाव सांगितलं, क्षिप्रा टिपरे.

"टिपरे म्हणजे मराठी?"

"हो सर. पण जन्म इकडचाच. मराठीत बोलूया का? रेकॉर्डिंग लावते, मग मी हिंदीत लिहीन."

संपलं. सेक्टर त्रेसष्टच्या ऑफिसात दिवसभर हिंदी नाहीतर इंग्रजी चघळणारा हा गडी, पाऊण तास असा सुटला की शेजारचा चहा गार झाला तरी त्याला पत्ता नाही. आणि उचलली जीभ लावली टाळ्याला, त्यातलं एक वाक्य दोन दिवसांनी फिरून आलं.

आधी गेमचं सांगतो, म्हणजे पुढचं लागेल. गेमचं नाव 'एक सवारी बाकी'. तुम्ही ई-रिक्षावाले. मेट्रोच्या दारात उभं राहायचं, सवाऱ्या गोळा करायच्या, भाव करायचा, खड्डे चुकवायचे, हवालदार दिसला की गल्लीत घुसायचं. हे सगळं डोकं हेरंबचं. चित्रं मैत्रेयीची. मैत्रेयी म्हणजे सव्वीस वर्षांची पोरगी, वडील केंद्र सरकारात, आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. घरी मराठी एकदम चोख. हेरंबला दादा म्हणायची, आणि महिन्यातून दोनदा आईच्या हातची थालीपिठं आणून त्याच्या टेबलावर आदळायची.

गेमचा नमुना थंडीत लोकांना फुकट खेळायला दिला होता. त्यात एक म्हातारी सवारी होती. नानी. उतरायची जागा आली की म्हणायची, "बेटा, ज़रा और आगे." पुढं नेली की परत, "ज़रा और आगे." मागच्या सवाऱ्या बोंबलायच्या, तुमचा वेळ जायचा, कमाई बुडायची. पण पोरांचा तिच्यावर असा जीव जडला की विचारू नका. टी-शर्ट निघाले नानीचे.

आणि मग पूर्ण गेम आला, तर त्यात नानीच नाही.

तीन आठवडे झाले, लोक एकच विचारत होते, नानीला कुणी घालवलं? हेरंबचा स्टुडिओ गप्प. कारण गेम बाजारात आणणारी गुरुग्रामची कंपनी, तिच्याशी करार होता की आतलं काही बाहेर बोलायचं नाही. कंपनी बरेच दिवस हेरंबशी भांडत होती, म्हातारीमुळे गेम रेंगाळतो म्हणून. पण त्यांनी परस्पर उडवली नव्हती. हेरंबला फोन करून विचारलं होतं, "डिझाइनर तुम्ही, शेवटचा शब्द तुमचा." आणि चार मिनिटांत हेरंब म्हणाला होता, "ठीक है, हटा दो."

हे स्टुडिओत फक्त दोघांना माहीत. हेरंबला, आणि स्टुडिओचा मालक विक्रांत सामंत याला. मैत्रेयी म्हातारीसाठी आठवडाभर भांडत होती. तिला हेरंबनं सांगितलं, "अगं, गुरुग्रामवाल्यांनी परस्पर काढली. मला तरी कुठं विचारलं?" पोरीनं विश्वास ठेवला. वर त्याचीच समजूत काढली.

आता या गुरुवारचं.

सकाळी साडेअकराला हेरंब खालच्या टपरीवर मठरी खात उभा होता. फोन थरथरला. मैत्रेयीचा मेसेज. एकच ओळ.

'हेरंब सर, हे तुम्ही बोललात?'

सर? हेरंबनं मठरी खाली ठेवली. खाली लिंक होती. उघडली. वर मोठ्या अक्षरात मथळा, 'नानी को किसने निकाला? डिज़ाइनर ने पहली बार लिया नाम'. आणि मधोमध, अवतरणचिन्हात, त्याच्या फोटोखाली हे छापलेलं:

'नानी को मैत्रेयी ने निकाला। एक ही बैठक में। न किसी से पूछा, न कुछ। सुबह लाकर मेज़ पर रख दिया। मैं देखता रह गया।'

हेरंबनं दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. आणि गंमत बघा, त्याला पहिल्यांदा वाटलं काय, तर बरोबरच तर लिहिलंय. शब्द तर माझेच आहेत.

मग त्यानं तेच तोंडातल्या तोंडात मराठीत म्हणून बघितलं. "म्हातारी मैत्रेयीनं काढली. एका बैठकीत. कुणाला विचारलं नाही, काही नाही. सकाळी टेबलावर आणून ठेवली. मी बघतच राहिलो."

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला.

आपलं मराठी म्हणजे असं आहे. आपण चित्र काढतो, दात काढतो, दिवस काढतो, पळ काढतो, दुसऱ्याची उणीदुणी काढतो, नोकराला काढतो. एकाच सुरीनं भाजी पण चिरायची आणि नखं पण कापायची. मैत्रेयीनं म्हातारी काढली म्हणजे कागदावर काढली हो. चितारली. आर. के. पुरमला तिच्या सेक्टरात झाडाखाली कपड्यांना इस्त्री करणारी एक बाई आहे. तिच्या समोर कट्ट्यावर बसून एका बैठकीत काढली, आणि दुसऱ्या दिवशी कागद हेरंबच्या टेबलावर आणून ठेवला. कौतुक होतं ते. हिंदीत गेलं आणि चितारणारीच मारेकरी ठरली.

हेरंब जिना चढून वर पळाला. मैत्रेयीची खुर्ची रिकामी. समोर बसणारी निधी म्हणाली, "वो तो चली गई. रो रही थी. आपने सर, ऐसा क्यों बोला?"

"मैंने नहीं बोला."

"आपकी फोटो लगी है."

त्यानं मैत्रेयीला फोन लावला. वाजून वाजून थांबला. परत लावला, कट. मेसेज टाकला, 'अगं तसं नाही बोललो मी, चित्राबद्दल बोललो.' मेसेजच्या खुणा निळ्या झाल्या, म्हणजे वाचलं. उत्तर नाही.

मैत्रेयी आपली चित्रं जिथं टाकायची त्या पानावर तो गेला. काल प्रत्येक चित्राखाली वीस-पंचवीस जण 'वाह' लिहायचे. आज नानीच्या पहिल्या चित्राखाली बाराशे. वाचवत नव्हतं. शिव्या तर होत्याच. पण एकानं लिहिलं होतं, 'आर. के. पुरम में रहती है मैडम. कौन सा सेक्टर, कोई बताएगा?' आणि खाली कुणीतरी खरंच सेक्टर सांगितला होता.

हेरंब थेट विक्रांतच्या केबिनमध्ये.

विक्रांत माहीमचा. पंधरा वर्षं दिल्लीत काढून निम्मा दिल्लीवाला झालेला. खुर्चीत मागं रेलून तो तेच वाचत होता.

"विक्रांत, हे चुकीचं छापलंय. 'काढली'चं 'निकाला' केलंय तिनं."

विक्रांतनं दोन मिनिटं ऐकून घेतलं, मग हसायला लागला. पोट धरून हसला. "एका बैठकीत काढली. यार, भारी आहे हे. बिल्कुल परफेक्ट बसलंय."

"हसतोस काय? फोन लावतो मी तिला. दुरुस्त करायला सांगतो."

विक्रांतचं हसणं थांबलं. "बस जरा. दार लाव."

हेरंबनं दार लावलं. बसला नाही.

"तीन आठवडे लोक काय विचारतायत? नानी कुणी घालवली. आपल्याला उत्तर देता येत नव्हतं. आज उत्तर आलंय. आपण दिलं नाही, आपोआप आलंय. दोन दिवस बोंबलतील आणि शनिवारी दुसऱ्या कुणाच्या मागे लागतील."

"आणि मैत्रेयी?"

"तिला सुट्टी देऊ. आठवडाभर. पगारी. मी बोलतो तिच्याशी."

"तिच्या घराचा पत्ता टाकलाय लोकांनी."

"सेक्टर टाकलाय. पत्ता नाही." विक्रांत पुढं झुकला. "हे बघ, तू त्या पोरीला फोन केलास की ती म्हणणार, ठीक आहे सर, मैत्रेयीनं नाही काढली, मग कुणी काढली? काय सांगशील? कंपनीचं नाव घेशील? करार वाच. स्वतःचं घेशील? उद्या गुरुग्रामला दुसऱ्या भागाची मीटिंग आहे. मुख्य म्हणून तुझं नाव दिलंय मी. आज संध्याकाळी पोरं तुझ्या नावानं शिमगा करत असली, तर उद्या कोण तुला गेम देईल? शांत बस यार. तोंड उघडलंस म्हणूनच हे झालंय ना?"

हेरंब बाहेर आला. आणि खोटं कशाला बोला, तो आपल्या खुर्चीत जाऊन बसला. चांगला तासभर बसला. माणूस वाईट नव्हता, पण म्हणत होता, विक्रांतचं काही अगदीच चूक नाही. दोन दिवस. पोरगी तरुण आहे, विसरेल. असं म्हणत म्हणत तो स्क्रीनवरची रिक्षा उगाच इकडून तिकडे फिरवत होता.

दीड वाजता निधीनं फोन त्याच्या पुढ्यात धरला. भड़कू भैया. हा कोण, तर गेमवर व्हिडिओ करणारा एक इसम. चष्मा लावतो, ओरडतो, आणि आठ लाख लोक ऐकतात. त्यानं पाटी लावली होती, 'आज शाम छह बजे लाइव. नानी की क़ातिल मैत्रेयी मैडम की पूरी कुंडली.' मागं मैत्रेयीचा फोटो. कॉलेजातला, वेणी घातलेला.

"सर, ये छह बजे के बाद नहीं रुकेगा," निधी म्हणाली. "खेलघरवाले बाद में बदल भी दें, वीडियो थोड़े बदलेगा."

खरं होतं तिचं. बातमी दुरुस्त होते, बोंब दुरुस्त होत नाही. खेलघरचं ते वाक्य आत्तापर्यंत अकरा ठिकाणी उचललेलं होतं, आणि अकराही ठिकाणी 'हेरंब आठल्ये ने बताया' असंच.

हेरंबनं क्षिप्राला फोन लावला.

"सर नमस्ते, छान चाललाय ना लेख?"

"चुकलाय लेख. मी तसं बोललो नाही."

तिकडचा आवाज कडक झाला. गेमवाल्यांच्या बातम्या लिहिणाऱ्यांना ही सवय असते. माणूस बोलून जातो, गोंधळ झाला की म्हणतो मी बोललोच नाही. "सर, माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे. मी तुमचा एक शब्द इकडचा तिकडं नाही केला. उलट आमच्याकडे लोक काटछाट करतात, मी जसंच्या तसं ठेवलं."

"तेच झालंय ना. मी येतो तिकडं. ऐकव मला."

"या. पण संपादक चारपर्यंत मीटिंगमध्ये आहेत. ते आल्याशिवाय काही बदलत नाही."

हेरंबनं सेक्टर बासष्टच्या स्टेशनवरून मेट्रो पकडली, सेक्टर सोळाला खेलघरकडं जायला. उभा राहिला दाराशी. गोल्फ कोर्स स्टेशन गेलं आणि फोन वाजला. अशोकराव, मैत्रेयीचे वडील. हा माणूस कधी फोन करणारा नव्हे. दिवाळीला मेसेज, तोसुद्धा मोजका.

"आठल्ये, मी ऑफिसातून बोलतोय. घरून सौभाग्यवतीचा फोन आला. खाली दोन मुलं उभी आहेत. क्वार्टरचे फोटो काढतायत. मैत्रेयी आतल्या खोलीत आहे, दार उघडत नाही." घसा साफ केला त्यांनी. "मला गेममधलं कळत नाही. तुम्ही एवढंच सांगा, माझ्या मुलीनं काय केलंय?"

"काही नाही केलं, काका."

"मग तुम्ही छापून का आणलंत?"

दार उघडलं, लोक चढले, कुणीतरी त्याच्या पायावर बॅग ठेवली. "मी तेच दुरुस्त करायला चाललोय काका. तुम्ही आधी चौकीला फोन करा."

"केलाय," अशोकराव म्हणाले, आणि फोन ठेवला.

खेलघरचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. क्षिप्रा बुटकी, चष्मेवाली, पंचविशीची. चेहऱ्यावर राग, पण पाण्याची बाटली पुढं केली. दोघांनी एकेक इयरफोन कानात घातला. तिनं रेकॉर्डिंग लावलं.

हेरंबचाच आवाज. "म्हातारी ना? म्हातारी मैत्रेयीनं काढली. एका बैठकीत..."

"हे बघा," क्षिप्रा म्हणाली.

"अगं, काढली म्हणजे चित्र काढलं. तुमच्या घरी चित्र काढणं म्हणत नाहीत?"

"ड्रॉ केलं म्हणतो आम्ही. काढलं म्हणजे निकाला. कचरा काढला. मला नोकरीतून काढलं."

"आईला विचार."

"आत्ता?"

"आत्ता."

क्षिप्रानं आईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. आई गुरुग्रामला, सोसायटीत बावीसाव्या मजल्यावर. कुसुमावती टिपरे.

"आई, एक सांग. 'म्हातारी काढली' म्हणजे काय?"

"कुठून काढली? विहिरीतून?"

"नाही गं. नुसतं काढली."

"नुसतं कसं काढतील? घरातून काढली असेल. आजकाल सुना काढतात."

क्षिप्रानं हेरंबकडं बघितलं. बघा, म्हणजे. हेरंबनं फोनजवळ तोंड नेलं. "वहिनी, नमस्कार. पूर्ण वाक्य असं आहे, 'म्हातारी एका बैठकीत काढली आणि सकाळी टेबलावर आणून ठेवली.'"

"मग चित्र आहे ते," वहिनी एका दमात म्हणाल्या. "नाहीतर रांगोळी. टेबलावर जिवंत म्हातारी कोण आणून ठेवील? क्षिप्रे, हे तुला कळलं नाही? तरी मी यांना सांगत होते, पोरीला शनिवारच्या मराठी वर्गाला घाला. तेव्हा म्हणाले, कथक महत्त्वाचं."

"आई, ठेवते."

"कोण आहेत ते? जेवले का?"

क्षिप्रानं फोन ठेवला. कान लाल झाले होते. हेरंबला वाटलं, सुटलो. चार वाजून गेले होते, दोन तास हातात होते.

"सॉरी," ती म्हणाली. "माझी चूक आहे. मी मान्य करते." मग तिनं रेकॉर्डिंग परत मागं घेतलं. "पण सर, मी अशी का चुकले, ते पण ऐका. माझा प्रश्न ऐका."

इयरफोनमध्ये तिचा मंगळवारचा आवाज आला. "सर, नानी गेममध्ये का नाही? लोक खूप विचारतात."

मग काहीच नाही. एक सेकंद, दोन, तीन. मग हेरंबचं ओढून ताणून हसणं. "म्हातारी ना? म्हातारी मैत्रेयीनं काढली..."

"मी विचारलं, का नाही," क्षिप्रा म्हणाली. "आणि तुम्ही हे सांगितलंत. मी काय समजणार? 'काढली'चा अर्थ मला नाही आला, ठीक. पण तुम्हाला तर प्रश्न कळला होता."

हेरंबनं कानातलं काढून टेबलावर ठेवलं. त्या तीन सेकंदांत तो काय करत होता, ते त्याला चांगलं आठवत होतं. वाट शोधत होता. आणि जी पहिली सापडली तिच्यात त्यानं मैत्रेयीला पुढं केलं होतं. कौतुकानं केलं, पण केलं.

तेवढ्यात संपादक आला. सुजय म्हणून, कोलकात्याचा, केस पिकलेले, घाईत. क्षिप्रानं सगळं सांगितलं. त्यानं मान हलवली. "करेक्शन डाल देंगे. नीचे. छोटा सा."

"नीचे कौन पढ़ता है?" हेरंब म्हणाला. "हेडलाइन बदलिए. ऊपर लिखिए कि उसने नहीं निकाला."

"हेडलाइन है, किसने निकाला. अब आप कहते हैं उसने नहीं. ठीक. तो किसने? ख़ाली हेडलाइन मैं कैसे चलाऊँ?" सुजयनं घड्याळ बघितलं. "आप नाम दीजिए, मैं पूरी ख़बर बदल दूँगा, नई तस्वीर के साथ. नहीं तो नीचे करेक्शन. आपके ऊपर है." आणि तो पलीकडच्या टेबलाकडं गेला.

क्षिप्रा हळू आवाजात म्हणाली, "सर, 'टीमने निर्णय घेतला' असं बोला ना. सगळे तसंच बोलतात. मी छापते."

बघा, वाट होती. रोज शंभर मुलाखतीत हे वाक्य छापून येतं. टीमनं ठरवलं. टीम म्हणजे कोण ते कुणी विचारत नाही, कुणाचं नाव जात नाही, कुणाची मीटिंग बुडत नाही.

"टीम म्हटलं," हेरंबनं विचारलं, "तर तो भड़कू काय म्हणेल?"

क्षिप्रानं विचार केला. पोरगी प्रामाणिक होती. "म्हणेल, टीम म्हणजे मैत्रेयीच. लोकांना टीममधलं तेवढंच नाव माहीत आहे आता."

साडेचार झाले. फोनवर विक्रांतचं नाव चमकलं. हेरंबनं तो उलटा करून ठेवला. पाणी प्यायला.

मैत्रेयीला तो सोमवारी एकटीला गाठून सांगू शकला असता. हळूहळू, समजावून. चहाबिहा पाजून. इथं एकदा बोललं की ती ते फोनवर वाचणार, आतल्या खोलीत बसून, लाख लोकांबरोबर. आणि तिला कळणार की जो माणूस 'मला तरी कुठं विचारलं' म्हणत तिच्याबरोबर हळहळत होता, त्यालाच विचारलं होतं. तिचं नाव वाचवायचं तर ते असंच वाचणार होतं. दुसरा रस्ता त्याला दिसेना, आणि दिसला असता तरी सहाच्या आत पोचला नसता.

"रेकॉर्डिंग लाव," तो म्हणाला.

"मराठीत?"

"नको. हिंदीत."

तिनं लाल बटण दाबलं. हेरंब सावकाश, एकेक शब्द वेगळा ठेवत बोलला, शाळेत शुद्धलेखन सांगतात तसा. "नानी को मैत्रेयी ने बनाया था. नानी को हटाया मैंने. मुझसे फ़ोन पर पूछा गया था, मैं मना कर सकता था. चार मिनट में हाँ बोल दिया."

"क्यों?"

"लड़ते-लड़ते थक गया था. और लगा, कौन पूछेगा एक बुढ़िया को."

"मैत्रेयी को पता था?"

हेरंबनं डोळे मिटले. "नहीं. वो आख़िर तक नानी के लिए लड़ती रही. मैंने उसे बताया कि मुझसे पूछा ही नहीं गया. वो झूठ था."

क्षिप्राचं बोट बटणावर थांबलं. "सर, हे शेवटचं पण छापू? हे नाही छापलं तरी तिचं नाव सुटतं."

पलीकडं सुजय कुणाला तरी फोटोचं सांगत होता.

"छाप," हेरंब म्हणाला. "अर्धं सांगूनच एवढं झालंय. आणि वाचून दाखव मला."

तिनं वाचून दाखवलं. त्यानं 'हटाया'वर बोट ठेवून परत वाचायला लावलं. कंपनीचं नाव कुठं नाही ना, ते तपासलं. पाच वाजून चाळीस मिनिटांनी मथळा बदलला. 'नानी को मैंने हटाया, मैत्रेयी ने तो बनाया था: हेरंब आठल्ये'. वर ठळक अक्षरात लिहिलं, की आधी छापलेलं वाक्य आमच्या भाषांतराची चूक होती, आणि मैत्रेयीची माफी मागितली. क्षिप्रानं ते स्वतः भड़कूला पाठवलं, त्या अकरा ठिकाणीही पाठवलं. किती जण बदलतील, सांगता येत नव्हतं.

सहाला हेरंब मेट्रोच्या पुलाखाली उभा होता, फोनवर भड़कू. चष्म्यामागचे डोळे चमकत होते. मैत्रेयीचा फोटो काढून तिथं हेरंबचा लावला होता, घाईत, वाकडा. "भाइयों, क़ातिल बदल गया है," तो ओरडला. "हेरम्भ आठवले." नावसुद्धा धड नाही. पण मैत्रेयीचं नाव त्यानं घेतलं ते एकदाच, 'बेचारी' म्हणून. हेरंबनं सुटकेचा श्वास टाकला आणि व्हिडिओ बंद केला.

विक्रांतचा मेसेज होता. 'उद्या गुरुग्रामला येऊ नकोस. सोमवारी बोलू.'

मग अशोकरावांचा. 'मुले गेली. पोलीस येऊन गेले.' बाकी काही नाही.

सव्वासहाला मैत्रेयीचा फोन आला. हेरंबनं पहिल्याच रिंगला उचलला.

"वाचलं मी," ती म्हणाली. आवाज बसलेला होता.

"मैत्रेयी, मी..."

"थांबा जरा. तीन आठवडे मी तुम्हाला विचारत होते, नानी परत आणता येईल का. रोज. तुमच्याबरोबर बसून मी त्या गुरुग्रामच्या लोकांना शिव्या दिल्या. तुम्ही पण दिल्यात."

"हो."

"मला वाटलं, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटतंय. मी आईला सांगितलं, दादा जेवत नाहीये नीट."

वरून मेट्रो धडधडत गेली, ती जाईपर्यंत दोघंही थांबले.

"सकाळी छापलं ते चुकून होतं," ती म्हणाली. "ते मला आता कळलं. त्याचा राग गेला माझा. पण तुम्ही मला जे सांगितलंत, त्यात भाषांतराची चूक नव्हती ना?"

"नव्हती."

"बरं." नाक ओढल्याचा आवाज आला. "त्या खेलघरच्या मुलीचा मेसेज आलाय, माझी मुलाखत पाहिजे म्हणून. तुम्हाला काय वाटतं, देऊ?"

हा प्रश्न तिनं त्याला का विचारला, ते हेरंबला कळेना. सवयीनं विचारला असेल. तो म्हणाला, "दे. मुलगी चांगली आहे. पण बोलू नकोस. लिहून दे. आणि छापायच्या आधी वाचून घे."

"लिहीनच. त्यात तुमच्याबद्दल पण असेल."

"असू दे."

"वाचून दाखवणार नाही तुम्हाला."

"नको दाखवूस," हेरंब म्हणाला.

तिनं फोन ठेवला. तो घरी जायला जिना चढून फलाटावर गेला. खिशात फोन थरथरत होता, आता त्याच्या नावानं शिमगा सुरू झाला होता. गर्दी होती, एक गाडी सोडली, दुसरी सोडली. तिसऱ्या गाडीत शिरला आणि हात वर करून दांडी धरून उभा राहिला.